गुडघ्याचा शटडाऊन

भिलईत कोणाचा गुडघा दुखत नाही. भिलईत बेअरिंग जाते.

दवाखान्यात समोर येऊन बसलेल्या माणसाला मी विचारायचे, "काय होते काका?" की उत्तर तयार, "ग्रीस संपली, ताई." दुसरा म्हणायचा, "अलाइनमेंट बिघडली." एकाने तर सांगितलं होतं की उजव्या गुडघ्यात व्हायब्रेशन आहे आणि आवाजावरून डावाही लवकरच जाईल. स्टील प्लँटमध्ये जन्म घालवलेली माणसं ही, शरीराबद्दलही मशीनच्याच भाषेत बोलणार. आणि त्यांच्या बायका, ज्यांनी प्लँटचं गेट कधी ओलांडलेलं नाही, त्याही तेच बोलणार, नवऱ्यापेक्षा ठासून.

मी फिजिओथेरपिस्ट. भिलईतल्या एका दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या खोलीत सगळी नोकरी काढली, आता निवृत्त आहे. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, "गुडघेदुखीची कारणं आणि उपाय, असं काहीतरी लिहून द्या." मी म्हटलं, कारणं आणि उपाय लोकांना मोबाइलवर रोज सकाळी येतात, गुड मॉर्निंगच्या गुलाबासोबत. मला ठवरेकाकांचं सांगू द्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट आहे, पण सांगायला बसले की आजही मला खुर्चीत बसवत नाही. घरचे म्हणतात, झालं, हिचं ठवरेपुराण सुरू झालं. होऊ दे सुरू.

आधी धंदा थोडक्यात समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

गुडघ्यात हाडं जिथे एकमेकांना भेटतात तिथे त्यांच्या टोकांवर गुळगुळीत अस्तर असतं. कूर्चा म्हणतात त्याला. वयाने, वजनाने, जुन्या मारामुळे, कधी आईबापाकडून आलेल्या ठेवणीमुळे ते पातळ आणि खडबडीत होतं. कडेने हाड वाढतं, मधूनमधून सूज येते. याला मराठीत झीज म्हणतात आणि सगळा घोळ तिथेच सुरू होतो. झीज म्हटलं की माणसाला टायर आठवतो. जितका चालवाल तितका घासेल. अहो, पण टायर जिवंत नसतो. सांध्यातलं पाणी, ज्याला आमची मंडळी ग्रीस म्हणतात, ते सांधा स्वतः तयार करतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, तिचं खाणंपिणं त्या पाण्यातूनच चालतं. आणि ते पाणी आतबाहेर खेळतं कधी, तर गुडघा हलतो, त्याच्यावर भार येतो आणि उतरतो तेव्हा. म्हणजे गुडघा बसवून ठेवला की तो उपाशी. वरून मांडीचा स्नायू, जो गुडघ्याचे धक्के झेलतो, तोही बसल्या बसल्या वाळतो. मग धक्का कोण झेलणार? पुन्हा गुडघाच.

एक्स-रेचंही सांगून ठेवते. आमच्याकडे त्याला फोटो म्हणतात, आणि लोक लग्नाच्या फोटोसारखा तो जपून आणतात. पण फोटोत दुखणं दिसत नाही. ज्यांचा फोटो पाहून मी मनात अरेरे म्हटलं, त्या बाई आठवडी बाजार पायी करून यायच्या. आणि ज्यांच्या फोटोत फारसं काही नाही, असे गृहस्थ पलंगावरून उठायला तयार नसत. एक साहेब तर गुडघ्याचा पट्टा पँटच्या वरून बांधून यायचे. मी विचारलं, "आतून बांधायचा असतो ना?" तर म्हणाले, "आतून बांधला तर बसमध्ये जागा कोण देणार?"

ऑपरेशनच्या मी विरोधात आहे, असं मात्र कोणी समजू नका. नंदिनी नगरच्या एक बाई होत्या. व्यायाम मनापासून केले, वजन उतरवलं, औषधं झाली, तरी झोप लागेना आणि पाय धनुष्यासारखा वाकत चाललेला. त्यांना मीच म्हटलं, आता सर्जनकडे जा. भीतीपोटी त्यांनी खूप उशीर केला. सांधा बदलल्यावर मला भेटायला आल्या तेव्हा दारातूनच ओरडल्या, "आधी कावून नाय केलं मी?" वेळेवर केलेलं ऑपरेशन म्हणजे सोनं. पण ती पायरी सगळ्यांत शेवटची, आणि ठवरेकाका तर पहिल्या पायरीवरही आले नव्हते.

ते आलेच नाहीत. त्यांची बायको आली.

आखाडाचे दिवस होते. शालूकाकू खुर्चीवर बसल्या, पिशवीतून फोटो काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "झोपा टेबलवर, पाहू गुडघा."

"पेशंट मी नाय ना, ताई. पेशंट घरी बसून राहिले."

"चालता येत नाय का त्यांना?"

"चालता येते. पण चालत नाय. म्हणते, घिसून जाईन."

ठवरेकाका प्लँटच्या मेंटेनन्सचे फिटर. सेक्टर २ मध्ये सगळ्यांत वरच्या मजल्यावरचं क्वार्टर त्यांनी लीजवर घेतलेलं, लिफ्टचा प्रश्नच नाही. निवृत्तीनंतर उजवा गुडघा दुखायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, झीज मध्यम आहे, ऑपरेशनची गरज आत्ता नाही, व्यायाम करा, वजन कमी करा, जपून वापरा. यातलं 'जपून' एवढंच काकांनी ऐकलं आणि घरी येऊन जाहीर केलं की आता शटडाऊन. तेव्हापासून ते क्वार्टरच्या खाली उतरलेच नव्हते.

"आता निखिल म्हणते का पुण्याला चला," काकू म्हणाल्या. निखिल म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा. "दिवाळीले येतो, आन् दोघायले घेऊनच जातो म्हणते. क्वार्टर देऊन टाकू म्हणते. त्याचं काय चुकते? बापाले वर कोंडून ठेवलेलं पाहून त्याचा जीव तुटते. पण ताई, माझ्या साऱ्या बाया इथं. भुलाबाईची गाणी इथं, भजन इथं. पुण्यात अठराव्या मजल्यावर मी कोणासंग बोलू, लिफ्टसंग?"

त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. फोटो तेवढा परत पिशवीत घातला. एकदा क्वार्टर गेलं की परत यायला जागा नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

बिल्डिंगखाली उभी राहिले आणि पाहतच राहिले. वरच्या बाल्कनीतून लोखंडाचा एक हात बाहेर आला होता, त्याला पुली, पुलीवरून दोर, दोराला टोपली. टोपली वर जात होती आणि तिच्यात मुनग्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा, दुधाच्या पिशव्या आणि कोणाचा तरी औषधाचा पुडा. पूर्ण बिल्डिंगचं सामान त्या पुलीवरून वर जात होतं. काय गुळगुळीत चालत होती म्हणून सांगू, आवाज नाही, झटका नाही. मला आनंदही झाला आणि धसकाही बसला. इतकी झकास सोय असल्यावर हा माणूस खाली उतरेल कशाला?

वर काका खुर्चीत बसून दोर ओढत होते. समोर ठेठरीचा, म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कडबोळ्यांचा डबा.

"या ताई, बसा. तुम्ही व्यायाम सांगाले आल्या असान. पण पाहा, बेअरिंग खराब झाली तं काय करते माणूस? मशीन बंद ठेवते. आपण शटडाऊन घेतला."

"बरोबर," मी म्हटलं. "आणि शटडाऊनमध्ये रिपेअर कोण करून राहिलं?"

काका थांबले. "आराम."

"तुमच्या खात्यात मशीन बंद करून सगळे आराम करायचे?"

आतून काकू फिसकन हसल्या. काका चिडले. "मले नका शिकवू ताई. जिंदगी गेली माझी बेअरिंग बदलण्यात."

"म्हणूनच तर आले. लोखंडाची बेअरिंग तुमची, हाडाची माझी. लोखंड बंद ठेवलं तर टिकतं. हे बंद ठेवलं तर गंजतं." आणि मग वर लिहिलंय ते सगळं, कूर्चा, पाणी, मांडीचा स्नायू, मी त्यांना हातवारे करकरून सांगितलं. त्यांच्या दोन्ही मांड्यांना टेप लावून दाखवला. उजवी चांगलीच बारीक झाली होती. तो टेप त्यांनी माझ्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा मोजलं. फिटर तो फिटर, मोजमापाशी भांडत नाही.

"मंग आता?"

"आता पुली काढायची."

"ते नाय होनार," काका म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली. मला लगेच कळलं की मी चुकीच्या ठिकाणी हात घातला. प्लँट सुटल्यावर या माणसाने स्वतःच्या हाताने उभं केलेलं हे एकच काम होतं. सगळी बिल्डिंग त्यांना विचारून टोपली भरायची. तेवढंही काढून घेतलं तर काय उरणार?

म्हणून सौदा केला. पुली राहील. पण टोपली भरायला खाली काकाच जाणार. ओझं पुलीने येईल, काका जिन्याने. हात रिकामे, एक कठड्यावर. खरं सांगते, आखायला बसले असते तरी इतका चांगला व्यायाम मला सुचला नसता.

लगेच जिन्याकडे नेलं नाही अर्थात. आधी पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती दाबून धरायची. मग पाय ताठ उचलायचा. मग उंच खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, हळूच बसायचं. मग घरातल्या घरात चालणं, काठी डाव्या हातात. इथे प्रत्येक जण वाद घालतो. उजवा गुडघा दुखतो तर काठी उजवीकडे नको का? नको. उजवा पाय टाकता तेव्हा डावा हात पुढे येतो, त्या हाताने भार उचलायचा. काका खोलीभर चालून आले, काठी या हातात, त्या हातात, आणि म्हणाले, "काउंटरवेट आहे हे. आधी कावून नाय सांगतलं?"

आणि जिन्याचा नियम. चढताना चांगला पाय आधी. उतरताना दुखरा पाय आधी. हा मी त्यांच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतला की काकू पोळ्या लाटता लाटता म्हणायला लागल्या.

दुखण्याचंही एक माप दिलं. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे आणि सूज यायला नको. नाही निवलं तर काल जास्त झालं, आज कमी करा. आणि वजनासाठी ठेठरी-खुरमीचा, तळणीचा सगळा डबा काकूंनी वरच्या फळीवर टाकला.

ते खाली उतरले त्या सकाळी मी मुद्दाम गेले होते. अर्ध्या जिन्यात थांबले, घाम पुसला, पुढे आले. खालची भाजीवाली उभीच राहिली, छत्तीसगढीत म्हणाली, "का बबा, आज खाल्हे उतर गेस?" काकांनी तिच्या टोपल्यातली मेथी उचलून आपल्या टोपलीत ठेवली, दोर दोनदा हलवला आणि वर पाहिलं. वर काकूंनी दोर ओढला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवल्या, शाळेतल्या मुलीसारख्या.

असं सगळं छान चालू असताना विश्वकर्मा पूजा आली.

भिलईत राहिलेल्याला सांगायला नको. त्या दिवशी प्लँटमधल्या मशीनला, हत्याराला, गाडीला, सगळ्याला हळदकुंकू. निवृत्त माणसंही घरातला पाना-पेचकस पुसून पाटावर मांडतात. काकांनी हत्यारांची पेटी मांडली, पुलीला हार घातला, नारळ फोडला. आणि मग, काकूंनी मला नंतर सांगितलं, धोतर वर करून स्वतःच्या उजव्या गुडघ्याला कुंकू लावलं.

इथवरही ठीक होतं. पण यांच्या धंद्याचा एक रिवाज आहे. रिपेअर झालेलं मशीन असंच ताब्यात देत नाहीत. पूर्ण लोड टाकून ट्रायल घेतात. काका खाली गेले, शेजाऱ्यांचं आलेलं तांदळाचं पोतं खांद्यावर घेतलं आणि जिना चढून वर आले. मग खात्री पटावी म्हणून दुसरं पोतं घेऊन पुन्हा चढले.

दुपारी काकूंचा फोन. "ताई, या. यांनी ट्रायल घेतली."

गुडघा टम्म फुगला होता. लाल नव्हता, ताप नव्हता, तरी असा अचानक फुगलेला गुडघा डॉक्टरांनी पाहायलाच हवा. काकांना पाय टेकवेना. मग बिल्डिंगमधल्या चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, उचलून, जिन्याने खाली आणलं. काका डोळे मिटून बसले होते. आणि कोणातरी उत्साही प्राण्याने त्याचा व्हिडिओ काढून बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला.

गुडघ्यात नवीन काही तुटलं नव्हतं. डॉक्टरांनी थोडे दिवस विश्रांती, बर्फाचा शेक आणि मोजकी औषधं दिली. काकांना रक्तदाब, म्हणून दुखण्याच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत असं बजावलं. सूज उतरणार होती. पण व्हिडिओ पुण्याला पोचला.

निखिलचा फोन मी तिथे बसलेली असतानाच आला, स्पीकरवर. "आई, मी पाहिलं. खुर्चीत उचलून नेऊन राहिले बाबांना. बस, अब और नहीं. दिवाळीला येतो, परतीची तीन तिकिटं काढून ठेवली. क्वार्टरचं नंतर बघू म्हणू नका." आणि मग त्याचा आवाज फुटला. "मला ऑफिसमध्ये रडू आलं, आई."

काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "जाऊ पुण्याले. ट्रायल फेल."

मला इतका राग आला होता की काय सांगू. त्या मुलाचा नाही, काकांचा. मी उठले आणि घरी आले. स्वयंपाक करताना भांडी आपटली. आणि कुकरची शिटी होता होता मला माझे वडील आठवले.

माझे वडील प्लँटच्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, वीटकामाला होते. भट्टीचं आतलं अस्तर नवीन झालं की ते महिनाभर एकच गोष्ट बोलत, आज किती तापली. दुसऱ्या दिवशी मी काकांच्या समोर जाऊन बसले.

"काका, नवीन वीट लावलेली भट्टी पहिल्या दिवशी पूर्ण तापवता?"

"येडं व्हावं लागते त्यासाठी. वीट फुटून जाईन."

"मग कशी तापवता?"

"हळूहळू. आज थोडी, उद्या थोडी. घाई केली का..." आणि ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हे मशीनचं काम नाही, भट्टीचं आहे. आणि भट्टी पेटवलेली माणसं अर्ध्यात सोडून पुण्याला जात नाहीत."

"दिवाळीले टाइम किती हाय?" काकांनी विचारलं.

"पुरेसा आहे. फुकट घालवाल तर नाही."

त्यानंतरचे दिवस, काय सांगू तुम्हाला, मी दवाखान्यातून सुटले की घरी जायच्या आधी सेक्टर २ ला वळायचीच. सूज उतरली. पुन्हा टॉवेलची गुंडाळी, पुन्हा खुर्चीवरून उठबस. या वेळी काका माझ्यापेक्षा कडक. मी म्हणायचे, आज एक फेरी जास्त करू, ते म्हणायचे, "नाय ताई, आज सकाळी जरा जड वाटलं. कालच्याइतकंच." नवरात्रात ते टोपली भरायला खाली यायला लागले. भुलाबाईची गाणी सुरू झाली तेव्हा ते सडकेच्या टोकापर्यंत जाऊन यायचे. कोजागरीला बिल्डिंगच्या गच्चीवर चढून त्यांनी दूध प्यायलं, बिनसाखरेचं, तोंड वाकडं करून. वजन उतरलं होतं. मांडीला टेप लावला की स्वतःच आकडा ओरडून सांगायचे.

हे होत असताना मनात एक खंत होती, ती इथे सांगूनच टाकते. भिलईतल्या वरच्या मजल्यांवर असे किती जण बसून राहिले असतील, आणि आम्ही फिजिओथेरपिस्ट तळमजल्यावर त्यांची वाट पाहत राहिलो. जे येऊ शकतात तेच आमच्यापर्यंत येतात. ज्यांना खरी गरज आहे ते जिन्याच्या वर. काकू आल्या नसत्या तर मला ठवरेकाका कळलेच नसते.

निखिलला व्हिडिओ पाठवू म्हणून काकू मागे लागल्या होत्या. काकांनी साफ नकार दिला. "व्हिडिओनंच घात केला. तो डोळ्यानं पाहीन तवाच मानीन."

धनतेरसच्या दिवशी पुण्याची गाडी दुपारी शेजारच्या दुर्ग स्टेशनला यायची होती. काका म्हणाले, घ्यायला मी जातो. काकूंनी मला फोन केला, "तुम्ही संग या बाप्पा, माझा जीव धडधडून राहिला." माझाही धडधडत होता. स्टेशनवर सोयी पुष्कळ झाल्यात, पण काकांना पूल जिन्यानेच ओलांडायचा होता. दिवाळीची गर्दी, पोरंसोरं, बॅगा. मी मागे, काकू बाजूला, काका मध्ये. डावा हात कठड्यावर. उजवीकडून कोणी धक्का देऊन गेलं की मी मागून हात पुढे करायचे. ते मात्र ओठांत पुटपुटत चढत होते, आणि मला माहीत होतं काय पुटपुटत आहेत ते.

गाडी आली. निखिल डब्याच्या दारात दिसला. उंच पोरगा, डोळ्याखाली काळं. आधी बॅग उतरवली, मग एक मोठं चपटं खोकं. त्याने आईला पाहिलं आणि हात केला. मग आईच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पाहिलं आणि हात तसाच हवेत राहिला.

"बाबा?"

"खोक्यात काय आणलं बे?" काका म्हणाले.

मी खोक्यावरचं चित्र पाहिलं. घडीची व्हीलचेअर होती. काकूंनीही पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तुमच्यासाठी... मी म्हणलं, घरून गाडीपर्यंत न्यायला..." तो खोकं खाली ठेवून बापाच्या गळ्यात पडला, त्या गर्दीत, आणि ओक्साबोक्शी रडला. मीही रडले, लपवायचं कशाला. काका त्याच्या पाठीवर थोपटत राहिले. "चाल आता," मग म्हणाले, "पूल चढाचा आहे."

निखिल एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या खांद्यावर खोकं घेऊन चढायला लागला. पुण्यात लिफ्टने वरखाली करणारा पोरगा, अर्ध्या जिन्यात दम लागला. काका वर पोचून कठड्याला टेकून उभे होते. वरून म्हणाले, "हळू ये. घाई नोको करू. रोज थोडं थोडं वाढव." मी हसून हसून खालीच बसले.

सेक्टर २ ला पोचलो तेव्हा बिल्डिंगखाली सगळे जमले होते. भाजीवालीसुद्धा. निखिलने ऑटोतून खोकं काढलं आणि जिन्याकडे वळला. काकांनी त्याला थांबवलं.

"ते ठेव तिथंच. ओझं जिन्यानं नाय न्यायचं, ताईचा नियम आहे."

"मग?"

"टोपली सोडवून दोर बांध त्याले. घट्ट बांध. मी वर जाऊन ओढतो."

आणि ते जिन्याकडे गेले. चांगला पाय आधी. आम्ही सगळे खाली माना वर करून उभे. जिन्यातून त्यांची पावलं ऐकू येत होती, एकसारखी. निखिलने खोकं फाडून व्हीलचेअर बाहेर काढली आणि तिच्या दोन्ही हातांना दोर बांधला. काकूंनी गाठ पक्की केली.

बाल्कनीत काकांचं डोकं दिसलं.

"बांधलं काय?"

"बांधलं, बाबा."

दोर ताणला गेला. रिकामी व्हीलचेअर जमिनीवरून उठली आणि भिंतीच्या कडेने हळूहळू वर जायला लागली, आवाज नाही, झटका नाही. निखिल तिच्याकडे पाहत होता. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं व्हिडिओ घेतोय. त्याने आईला विचारलं, "आई, तिकिटं कॅन्सल करायची ना? दोन?"

"दोन," काकू म्हणाल्या, आणि जिना चढायला लागल्या.